पान एकशे बाराचं इंधन

कोथरूड, पुणे
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयसिंग,

सप्रेम नमस्कार. वहिनींचा गुडघा आता बरा असेल.

आपण मराठीत अंतराळयानं उडवणारी माणसं. यान कशावर चालतं, हे एकाही संपादकाने आपल्याला कधी विचारलं नाही. नायिकेचं लग्न जमतं का, तेवढं विचारलं. त्या अपमानातूनच आपला नियम निघाला: टिपणांची वही दुसऱ्याला वाचायला देताना एक आकडा मुद्दाम खोटा लिहायचा. जो ती खोट पकडेल, त्यानेच वही वाचली.

तुझी कादंबरी वाचली. पान एकशे बारा. उसाच्या मळीपासून केलेल्या अल्कोहोलवर उडणारं यान. एक किलो अल्कोहोल जाळायला एक किलो ऑक्सिजन. हे इंजिन, हा आकडा, तीन वर्षांपूर्वी दिलेल्या माझ्या वहीतला!

वही परत करताना तू म्हणालास, "खोट सापडली हो, हिंदुराव." कुठली, विचारलं, तर म्हणे, "चहा गार होतोय." पुढे प्रकाशनाला बोलावलं नाहीस. फोन उचलत नाहीस. संशय घेऊ नको तर काय आरती ओवाळू?

मी तेव्हा पुन्हा विचारलं नाही, हेही खरं. खोट कुठे आहे, ते मलाच ठाऊक नव्हतं.

काल वही आणि पुस्तक घेऊन मांजरी गावात पूर्णिमाकडे गेलो. माझी ही धाकटी बहीण अल्कोहोलच्या प्रयोगशाळेत काम करते. पान बघून ती हसतच सुटली.

"दादा, अंतराळात हवा नाही. ऑक्सिजन बरोबर न्यायचा, आणि तो किलोला दोन किलोंहून जास्त लागतो. यान अर्ध्या वाटेत गुदमरेल की! तुला इंजिनाचं टिपण लिहून दिलं, तेव्हा खोट मीच पेरली होती. तुमचाच नियम ना? आणि तू हाच आकडा व्याख्यानांतून गावोगाव ठणकावत फिरलास."

इंजिन तिचं आहे, जयसिंग. अक्षर तेवढं माझं. टाळ्याही मीच घेतल्या.

तेव्हा तुला चोर म्हणायला मला तोंड उरलेलं नाही. पण तुझी दुसरी आवृत्ती छपाईला जाते आहे. सोमवारी प्रकाशकाला कळव: आकडा दुरुस्त करा आणि पहिल्याच पानावर छापा, "यानाचं इंजिन पूर्णिमाचं." माझं नाव कुठेही नको.

येत्या शनिवारी माझं व्याख्यान आहे. माझी चोरी मी तिथे सांगणारच. तुझी सांगायची की नाही, ते तुझा सोमवार ठरवेल.

न वाचताच बोलत राहिलेला,
हिंदुराव