भिंतीला भिंत

कल्याण,
२२ जानेवारी १९९१

प्रिय शेवंती,

'प्रिय' लिहिलं ते कॉलेजपासूनच्या सवयीनं. नाहीतर आज तुला काय म्हणून हाक मारावी हा प्रश्नच होता. तुझ्या साप्ताहिकाचा अंक काल आला. सातव्या पानाच्या तळाशी चौकट : 'गेल्या अंकातील अंककोडे कोडेकर्तीच्या चुकीमुळे सुटण्याजोगे नव्हते. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' कोडेकर्तीच्या चुकीमुळे! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्याच पानावर, त्याच जागी मला दुरुस्ती छापून हवी आहे. ती कशी हवी ते शेवटी सांगते. आधी तू काय केलंस ते ऐक.

सहा बाय सहाची चौकट पाठवली होती. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि जाड रेषेनं आखलेल्या प्रत्येक खोलीत एक ते सहा आकडे एकेकदाच यायचे. हे तीन नियम तू जसेच्या तसे छापलेस. चौथा होता : 'भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत लागोपाठचे आकडे नकोत.' म्हणजे तीनला चार खेटता कामा नये. त्याचं तू केलंस 'शेजारच्या घरांत'. का, तर खाली साडीच्या दुकानाची जाहिरात बसवायची होती. अगं, उत्तरात पहिल्या ओळीतला तीन आणि दुसऱ्या ओळीतला चार कोपऱ्याला कोपरा लावून बसतात. वाचकांनी कोपराही शेजारात धरला. मग जन्मात सुटेल का कोडं? बेचाळीस पत्रं आली, असं अंकासोबतच्या चिठ्ठीत म्हणतेस. बेचाळिसांनीही तुझं वाक्य नीट पाळलं, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या कोळीवाड्यात दारात कोळंबी सोलायला बसलं की आळीच्या पार टोकाची बाईसुद्धा शेजारीण. मी तिथं जेवलेय, तुझ्या आईनं मला कुणाकुणाची म्हणून ओळख करून दिली होती ते आठवतंय. आमच्या चाळीत तसं नाही. ज्याच्या फोडणीचा ठसका आपल्याला लागतो तो शेजारी, बाकीचे ओळखीचे. म्हणून तर 'शेजारी' हा शब्द मुद्दाम टाळला होता. तुला तो मोघम वाटलाच नाही, आणि एकदा विचारावं असंही वाटलं नाही. कल्याण ते ठाणे, एक पोस्टकार्ड टाकायचंस!

आणि तो नियम हवेतून आलेला नव्हता. आबा आंबिवलीच्या कारखान्यात माणसांच्या पाळ्या लावायचे हे तुला माहीत आहे. सहा माणसं, सहा यंत्रं, सहा दिवस. एकाच्या वाट्याला एकच यंत्र आठवड्यात दोनदा यायचं नाही. त्यात दगडू आणि रामाचं हाडवैर, त्यांना लगतच्या यंत्रांवर उभं करायची सोय नाही. दोघांचं भांडण झालं की सगळी पाळी बंद पडायची. सव्वीस वर्षं ही जुळणी आबांनी केली, सिगारेटच्या पाकिटामागं, शिसपेन्सिलीनं. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा माणसांच्या जागी आकडे आले.

शाळेत काय झालं तेही सांगते. कुणीतरी ती चौकट कापून शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला टोचली. गणिताच्या बाईंचंच गणित चुकलं म्हणून कालपासून सगळे खूश आहेत. ते मी गिळलं. माझ्यानं गिळवत नाही ते वेगळं आहे. आबांनी तो अंक वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग पाटी घेऊन बसले आणि दिवसभर कोडं पडताळत राहिले. मी ओरडून सांगितलं, आबा, नियम त्यांनी बदलला, तुमचं काही चुकलेलं नाही. तर म्हणाले, "आपलंच चुकलं असेल गं. पेपरात काय उगाच छापतील?" पाटी धुऊन फळीवर ठेवली. मुलीच्या बीएस्सीपेक्षा त्यांचा छापलेल्या अक्षरावर विश्वास जास्त आहे.

आता कळलं ना? ते कोडं माझं नाही, शेवंती. आजवर छापलेल्या अकरांतलं एकही माझं नाही. मी फक्त शाईनं उतरवून काढायचे. पहिल्यांदा खाली माझं नाव घातलं ते चौथी शिकलेल्या कामगाराचं कोडं तुम्ही उघडूनही बघणार नाही या भीतीनं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे शाळेत वाहवा झाली आणि मला ती आवडली. आबांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही, उलट अंक आला की माझं नाव चाळीत सगळ्यांना दाखवायचे. तुझ्यावर एवढी तणतणतेय, त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे, पण उरलेला अर्धा तुझाच आहे आणि तो तू घेच. आबा माझं ऐकत नाहीत, छापलेलं ऐकतात. तेव्हा येत्या अंकात चौथा नियम पूर्ण छाप आणि त्याखाली ठळक अक्षरांत एवढंच घाल : 'कोडे बरोबर होते. नाव चुकले होते. कोडेकर्ते : शिवराम आनंदा गायकवाड.'

रागावलेली, तरी तुझीच,
कांता