गंमत-गणित, बावीसपैकी बावीस

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांची डायरी नंतर कामाला येते.
कालच्या मीटिंगमध्ये मुख्याध्यापक शेषराव सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत दहावीचा ऑनलाईन गणित कोर्स मी घ्यायचा. सुट्टीनंतर टेस्ट. निकाल चांगला लागला तर दहावी माझ्याकडे, नाहीतर ऐश्वर्या मॅडमकडे. एकोणीस वर्षं दहावीचं गणित मी शिकवतोय. दहावी गेली तर माझ्याकडे राहिलं काय? पाचवीचे पाढे आणि पोषण आहाराचं रजिस्टर.
मॅडम जूनमध्ये लागल्या. अजून खडूनं शिकवतात. या जमान्यात, खडूनं!
घाबरणाऱ्यातला मी नाही.

१३ ऑक्टोबर.
गेल्या वर्षीचा ऑनलाईन क्लास का पडला याचा अभ्यास केला. तीनजण जॉईन झाले होते. त्यातला एक मीच, दुसऱ्या फोनवरून. कारण एकच, पोरं बोअर होतात.
ठराव: दर पाच मिनिटांनी गंमत. कोंबडा, मोर, जोक, फेटा. कोर्सचं नाव 'गंमत-गणित'.
सेनगावच्या मोबाईल दुकानातल्या स्वप्निलकडून अ‍ॅप करून घेतलं. दर दहा मिनिटांनी स्क्रीनवर हिरवं बटण येतं, 'हजर'. विद्यार्थ्यानं दाबायचं. न दाबल्यास गैरहजर. आता बघू कोण झोपतं ते.

१५ ऑक्टोबर.
टेस्ट रेकॉर्डिंग. फेटा बांधून प्रमेय शिकवलं. ज्योती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पोरायला हसवून राहिले का शिकवून राहिले?" मी म्हणालो, दोन्ही. ती म्हणाली, मग एक तरी नीट करा.
बायको म्हणून ठीक आहे, पण शिक्षणशास्त्र हा तिचा प्रांत नाही. फेटा काढून घेतला. भावाच्या लग्नातला आहे म्हणे. उद्यापासून टोपी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी ४.
पहिला क्लास, दहा ते दोन. दहावीची बावीस पोरं, सगळी खडकवाडीची. हजर बावीस!  पहिलं बटण आलं, बावीस. दुसरं आलं, बावीस.
आणि शिस्त बघा. हजर दाबतात तेही एकाच्या मागं एक. आधी हजेरी नंबर एक, मग दोन, मग तीन, थेट बावीसपर्यंत. मधे एकेक सेकंद. वर्गात असताना ही कार्टी पाणी प्यायलासुद्धा रांगेनं गेली नाहीत. गमतीची ताकद.
शेषराव सरांना लगेच स्क्रीनशॉट पाठवला. मॅडमनाही पाठवला. चुकून.

१९ ऑक्टोबर.
आज अंकगणिती श्रेढी. पुस्तकातलं उदाहरण नीरस. मी तुरीच्या ओळी घेतल्या. पहिल्या ओळीत पाच रोपं, पुढं प्रत्येक ओळीत तीन जास्त. दहाव्या ओळीत किती? सोपं आहे. दहा ओळी गुणिले तीन म्हणजे तीस, आणि पहिले पाच. पस्तीस! बरोबर 'दहा'ला मोर ओरडवला. टायमिंग असं बसलं की माझा मीच टाळ्या वाजवल्या.
शेवटी विचारलं, कुणाला शंका? एकाचीही नाही. म्हणजे बावीसच्या बावीस जणांना समजलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन.
मुद्दाम क्लास ठेवला. परीक्षाच घेतली म्हणा माझ्या कोर्सची. हजर बावीस! घरोघरी करंज्या तळून होतायत आणि पोरं श्रेढीत रमलीत. शेषराव सरांचा फोन आला. म्हणाले, "प्रमोद सर, असं तं कधी झालं न्हाई." मी नम्रपणे म्हणालो, आधी मोर नव्हता ना सर.
एक बारीक गोष्ट. रोज साडेबारा ते सव्वाएक बावीसही एकदम गायब होतात आणि एकदम परत येतात. टॉवरचा प्रॉब्लेम, म्हणून तेवढी बटणं हजेरीत धरत नाही. कंपनीकडे तक्रार करायची आहे.

२४ ऑक्टोबर.
वैष्णवीच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज. हजेरी नंबर एकवीस, शांत पोरगी. पण आवाज कुणा म्हातारीचा. "ते कोंबडं बंद करा वो सर. मधीच वरडते अन् हिसाब तुटून राहिला."
वैष्णवीची आजी असणार, चतुराबाई. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधुनिक पद्धत पचत नाही, हे मी धरूनच चाललो होतो. माघार घेणार नाही. आज दुसरा कोंबडा टाकला.

२६ ऑक्टोबर.
ज्योती पुसेगावला बहिणीकडे जाऊन आली. आल्या आल्या म्हणाली, जीपमधून वैष्णवी दिसली, रानात कापूस वेचून राहिली होती. संग दहावीतली सात-आठ पोरं. किती वाजता, विचारलं. अकराला म्हणाली.
अकराला तर माझा क्लास होता. हजर बावीस.
मी शांतपणे समजावलं. फोन खिशात, कानात वायर, हात कापसात. हेच तर ऑनलाईनचं वैशिष्ट्य आहे, माणूस कुठंही शिकू शकतो. ज्योती म्हणाली, "व्हय, अन् कापूस कुठंबी वेचू शकतो."  पुरावा माझ्याकडे आहे, टक्क्यात आहे.

३१ ऑक्टोबर.
कोर्स समाप्त. उपस्थिती शंभर टक्के, सलग पंधरा दिवस. बावीस सर्टिफिकेटं रंगीत काढली, कोपऱ्यात मोर.
ऐश्वर्या मॅडमना फोन केला. म्हणालो, तुम्हाला शिकायचं असेल तर मी मोकळ्या मनानं शिकवीन. त्या म्हणाल्या, "सर, टेस्टचा पेपर मी काढू का?" म्हणालो, अवश्य. सापाच्या बिळात हात घालायला मी भीत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
टेस्ट झाली. पेपर बघितला. अत्यंत कोरडा. तुरीचं उदाहरण जसंच्या तसं आलंय, म्हणजे मॅडमनी माझे व्हिडिओ चोरून बघितले. कौतुकाची पद्धत असते एकेकाची.
पोरं पेपरकडे बघत बसली होती. खोल विचार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
निकाल. बावीसपैकी पास चार. तेही नेहमीचे चार.
कारणं लिहून ठेवतो, नंतर विसरायला नको. एक, पेपरात आवाज नव्हता. पोरांना मोर ऐकला की उत्तर आठवतं, कागदावर मोर कुठून येणार? दोन, कापसामुळे हात दुखत असतील. तीन, मॅडमचं अक्षर.
फेरटेस्ट मागितली, कोंबड्यासकट. शेषराव सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, सोमवारपासून दहावी मॅडम घेतील. मी म्हणालो, आकडे बोलतायत सर, शंभर टक्के हजेरी! सर म्हणाले, "हजर कोण होतं ते जाऊन बघा एकदा."
बघतो. सगळ्यांसमोर सिद्ध करतो. हार मानलेली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.
सकाळी पुसेगावपर्यंत जीप, तिथून खडकवाडीला पायी. वैष्णवी घरी नव्हती, वेचणीला. वर गच्चीवर चतुराबाई. कंबर गेलीय, वाकता येत नाही, म्हणून रानात जात नाही. तिनंच वर बोलावलं.
गावात रेंज फक्त त्या गच्चीवर. सुट्टीत पोरं वेचणीला जाताना घरातले फोन तिच्याकडे ठेवून जायची. मोठ्या सुपात ओळीनं मांडून, हजेरी नंबरप्रमाणे. हिरवं बटण आलं की चतुराबाई पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत दाबत जायची. सूप अजून तिथंच होतं. साडेबाराला जेवायला खाली उतरायची.
टॉवर ठीक आहे.
मी सूप उचलून उलटंसुलटं बघितलं. तिला वाटलं मी रागावलो. म्हणाली, "लेकरायची गैरहजेरी लागू नये म्हून दाबलं वो सर. एकबी चुकू देलं न्हाई. लई तकलीफ झाली, बोटं आखडली."
खरं सांगायचं तर मला रडू आलं. पंधरा दिवस मी टोपी घालून, मोर ओरडवून, जीव तोडून शिकवलं ते बावीस फोनांना.
मग ती म्हणाली, बसा, इचारायचं हाय. कोपऱ्यात पोत्यावर तुरीचे दाणे मांडलेले. पहिल्या ओळीत पाच, दुसरीत आठ, अशा दहा ओळी. म्हणाली, "तुमी दाव्या ओळीत पस्तीस म्हणले. मी चारदा मोजले. बत्तीस भरतात. पैल्या ओळीत कुठं तीन वाढवले आपण? ती तं पाचाचीच हाय. वाढवले नऊ डाव. मंग काहून पस्तीस?"
मी म्हणालो, बघावं लागेल.
ती म्हणाली, "तवाच तं म्हणलं कोंबडं बंद करा. तुमचाबी हिसाब तुटला आसंल."
मोर होता. पण सांगितलं नाही.
सर्टिफिकेटांचा गठ्ठा पिशवीत होता. एक काढून तिला देऊ केलं. नको म्हणाली. "त्याचं काय करू? रविवारी या. पुढचा धडा सांगा. पर बराबर मोजून या."

१० नोव्हेंबर, सोमवार.
दहावीच्या वर्गावरून जावं लागतं पाचवीकडे. दार उघडं होतं. फळ्यावर तुरीच्या ओळी, उत्तर बत्तीस, खडूनं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही, हे बरं केलं.
चूक कुणाचीही होऊ शकते. पाठ्यपुस्तकातही चुका असतात.
घरी आल्यावर ज्योतीकडे तुरीचे दाणे मागितले. काहून, म्हणाली. रविवारची तयारी, म्हणालो. तिनं वाटीभर दिले.
स्वयंपाकघरात फरशीवर दहा ओळी मांडल्या. सगळे मिळून एकशे पंच्याऐंशी दाणे लागले. दहावी ओळ मोजली. परत मोजली.
बत्तीस.