बिस्किटाच्या डब्यातला अर्ज

आप्पा,

परवा सांगलीच्या एका कॉलेजात मला भाषणाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिलेला: नोकरी असो नाहीतर धंदा, आपल्या कामाचे मालक आपणच. असल्या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर तुम्ही मिशीत हसला असता. त्यांनी शाल दिली, नारळ दिला, आणि मी माझी घासून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगितली. फलटणजवळच्या साखर कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोकरी केली, मध्ये सांगलीला स्वतःची प्रयोगशाळा काढायची संधी आली होती, पण वडिलांनी सोडलं नाही, आणि शेवटी पन्नाशीला एकटीनं ती काढलीच. टाळ्या कुठं पडतात ते आता मला पाठ झालंय. आपल्या घरातल्या अर्जांची गंमत सांगितली, तिथं पोरी हसतातच. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या त्या अर्जावर वडिलांनी नेमकं काय लिहिलं होतं?" इतक्या भाषणांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "नामंजूर."

ते तुम्ही लिहिलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण मला ते कधी कळलं, एवढंच तुम्हाला माहीत नाही, किंवा माहीत नसावं अशी मी आशा धरून आहे. आज रविवार, प्रयोगशाळा बंद आहे, शेजारचं खताचं दुकानही बंद आहे, आणि सकाळपासून मी कुणाशी एक शब्द बोललेले नाही. म्हणून हे लिहायला बसले.

गावात आपल्या घराला सगळे कचेरी म्हणायचे, आठवतंय ना? पलटणीत तुम्ही हवालदार क्लार्क. पेन्शन घेऊन घरी आलात ते कागदाची शिस्त घेऊनच. काही हवं असेल तर तोंडानं मागायचं नाही, अर्ज करायचा. सहलीला पन्हाळ्याला जाऊ देणेबाबत. वेणी कापून केस बारीक करणेबाबत. अर्ज स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. तुम्ही लाल पेन्सिलीनं शेरा मारून तो परत डब्यात ठेवणार. ज्याचा अर्ज, त्यानं उचलायचा; तुम्ही आपण होऊन काय लिहिलं ते कधी सांगायचा नाहीत. शेरा वाचला की खाली 'पाहिले' असं लिहून सही आणि तारीख घालायची, आणि कागद तारेला अडकवायचा. आई म्हणायची, "आवं, लेक हाय ती, शिपाई न्हाई." तरी तीही कधीकधी गमतीनं अर्ज टाकायची, माहेरी जाणेबाबत, आणि खाली अंगठ्यासारखा हळदीचा ठसा उठवायची.

दहा वर्षांची असताना मी लिहिलं होतं, नवीन चपला मिळाव्यात ही नम्र विनंती. तो अर्ज शेऱ्याशिवाय परत आला. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला समोर बसवलंत आणि म्हणालात, "का पायजेत ते लिही. आन् न्हाई मिळाल्या तर तू काय करणार, तेबी लिही." मी रडत रडत लिहिलं की नाही मिळाल्या तर जुन्या चपलेचा अंगठा मीच शिवून घेईन. तुम्ही मंजूर केलंत, पण जुन्या चपलेचा अंगठा आधी शिवून घ्यायला लावलात. तेव्हा मला वाटलं, काय हा खडूस माणूस. आज पोरींसमोर उभं राहून मी तेच तासभर सांगते, जरा लांबण लावून.

आई गेल्यावर आपण दोघंच उरलो, तरी कचेरी चालूच राहिली. उलट तुम्हीच मला अर्ज करायला लागलात. विषय: रविवारी मटण स्वतः करणेबाबत. मी मंजूर लिहून खाली 'तिखट बेतानं' असा शेरा मारायचे. मला कारखान्यात लागून चार वर्षं झाली होती. सकाळी सातची गाडी, दिवसभर उसाच्या शेतातल्या मातीच्या पिशव्या, संध्याकाळी घर. तेव्हाच शिकताना मिरजेच्या वसतिगृहात माझ्याबरोबर असलेल्या मैत्रिणीचं पत्र आलं. सांगलीकडं द्राक्षबागा वाढत होत्या, बागायतदारांना वेलीच्या पानांचे देठ तपासून हवे असायचे, म्हणजे वेलीला कशाची उणीव आहे ते कळतं. दोघी मिळून प्रयोगशाळा काढू, तू ये, असं तिनं लिहिलं होतं. मी तीन रात्री नीट झोपले नाही. मग अर्ज लिहिला. नोकरीचा राजीनामा देऊन सांगली येथे स्वतःची प्रयोगशाळा सुरू करणेबाबत. का, ते लिहिलं. नाही जमलं तर काय करणार, तेही लिहिलं. इतका नेटका अर्ज मी आयुष्यात दुसरा केला नाही.

दोन दिवसांनी भाकरी थापत होते तेव्हा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. "डब्यात बघितलंस का गं?" म्हणालात. नियम मोडून विचारलंत ते तेवढं एकदाच. मी तव्यावरची नजर न काढता म्हणाले, "न्हाई अजून. बघते." तुम्ही म्हणालात, "बघ सवडीनं." मग फळीकडं गेलात, डब्याचं झाकण जरा वाकडं बसलं होतं ते सरळ केलंत आणि बाहेर गेलात. पुढं सोळा वर्षं आपण त्या अर्जाविषयी एक शब्द बोललो नाही.

मैत्रिणीनं दोन महिने वाट पाहिली. मी तिला कळवलं की वडील सोडत नाहीत. इतकं सोपं वाक्य होतं ते. कारखान्यातही तेच सांगितलं, नात्यातही. स्थळं आली आणि गेली, तिथंही तेच कामाला आलं: आप्पांना एकटं कसं टाकू? लोक हळहळायचे आणि ते मला बरं वाटायचं. तुम्ही स्वतः पिठलं करून खाणारे, कपडे धुऊन इस्त्री करणारे, तुम्हाला माझी कसली अडचण होती? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आप्पा, माझं वाकडं अंगण तुम्ही झालात.

आणि आष्ट्याची आत्या आली होती तो दिवस. मी आत चहा ओतत होते. बाहेर ती तुम्हाला म्हणत होती, "दादा, पोरीला दावणीला बांधून घातलीस तू. तिचं वय चाललं, नशीब चाललं. देवाला काय सांगशील?" मी कपबश्या घेऊन उंबऱ्यात आले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. एकच क्षण, पण मी अजून त्या उंबऱ्यात उभी आहे. तुम्ही काहीही बोलू शकला असता. डबा आत फळीवरच होता, कागद त्यात होता. तुम्ही आत्याला म्हणालात, "च्या घे, गार हुतोय." मी चहा दिला, आत्याला साखर पुरे का विचारलं आणि आत गेले.

मिरजेच्या दवाखान्यात तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सांगणार होते. खरंच ठरवून आले होते. तेवढ्यात संमतीचा कागद आला, आणि माझ्या तोंडून निघालं, "आप्पा, करू का सही?" तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "मला काय इचारतीस? सही तुला करायचीया." मी सही केली. सांगायचं राहिलं, ते राहिलंच.

तुम्ही गेल्यावर मला वाटलं, आता अडवणारं कुणी नाही. बाराव्या-तेराव्याचे पाहुणे परतले आणि सोमवारी मी सातची गाडी पकडली. पुढं सहा वर्षं पकडत राहिले. त्या सहा वर्षांचं भाषणात मी काही सांगत नाही. कारखान्यानं प्रयोगशाळाच बंद केली आणि माती बाहेर तपासायला द्यायचं ठरवलं, तेव्हा मी सांगलीला आले. धाडस वगैरे काही नाही, जागाच उरली नव्हती. मैत्रीण तोपर्यंत सगळं आवरून नाशिकला मुलाकडं गेली होती. मी फोन केला तर चांगली बोलली. "उशीर केलास गं," एवढंच म्हणाली.

पहिला अहवाल केला तो दिवस सांगते. मिरजेकडचे एक जैन काका देठ घेऊन आले होते. मी तपासलं, आकडे मांडले, कागद टेबलावर ठेवला आणि बसून राहिले. काका म्हणाले, "बाई, सही राहिली की." मी पटकन म्हणाले, "हां, सही..." आणि आतल्या दाराकडं बघितलं. सव्वीस वर्षं तपासायचे मी आणि सही करायचे साहेब. आतल्या खोलीत मोरी आणि मातीच्या पिशव्या, दुसरं कोण असणार? काका हसले. "तुमचीच की. दुसऱ्या कुणाची असणार?" मी सही केली. काकांनी कागद उचलला तरी ती मला माझी वाटेना. आता दिवसाला पंधरा-वीस करते. बाग पिवळी पडली तर लोक माझ्या दारात येतात, तेव्हा माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणते. हे मला जमतं, आप्पा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीही जमलं असतं. संध्याकाळी कुलूप लावताना हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं आणि किल्ली पर्समध्ये टाकून मी घरी येते.

डबा इथंच आहे, समोर, रसायनांच्या बाटल्यांशेजारी. अर्ज बाहेर काढलाय. लाल पेन्सिल फिकी झालीय, पण अक्षर तुमचंच, मोत्यासारखं. 'अर्जाची आवश्यकता नाही. तुझं तू ठरव.' सगळ्या अर्जांखाली माझं 'पाहिले' आहे, ह्या एकाखाली नाही. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, कदाचित निघूनही गेले असते. पण 'तुझं तू ठरव' वाचल्यावर भांडायला समोर कुणी उरलंच नाही. एवढ्या मोठ्या मोकळिकीत मी एकटीच उभी होते. तुम्ही दारात येऊन विचारलंत, त्याच्या तासभर आधीच मी तो कागद वाचला होता आणि परत ठेवला होता. झाकण वाकडं बसलं ते माझ्याच हातून. तुम्ही ते सरळ केलंत तेव्हा तुम्हाला कळलं होतं का, हे आता कुणाला विचारू?

हे पत्र डब्यातच ठेवते, उचलायला कुणी येणार नाही. अर्जाखाली मात्र आत्ता पेनानं लिहिलं. मागची तारीख घातलेली तुम्हाला कधी चालली नाही आणि आजची घातली तर ती खोटी. म्हणून तारखेच्या जागी अक्षरात लिहिलंय: पाहिले. त्याच दिवशी.