शिक्का पाहून घेतलेल्या गोळ्या

जेरुसलेम, २ एप्रिल १९८९

चि. ओर्ना हिस फ्रेहाताईचे अ.उ.आ.

वल्हांडण सण सतरा दिवसांवर आला आणि मी अजून कपाटांतच डोकं घालून बसलेय. तू हायफात एकटी, एक खोली, दोन ताटल्या. सणाआधी काढायचं खमीर, पावाचा कण न कण, तुझ्या घरातून फुंकर मारली तरी निघेल. इथे सात जणांचे खिसे उलटे करायचे आहेत. थोरल्या एफ्रातचं लग्न जवळजवळ ठरलं. मुलगा अबोल आहे, पण घराणं मोठं. म्हणून सध्या आम्ही सगळे फार शहाण्यासारखे वागतोय.

धाकट्या तेहिलानं मात्र वैताग आणलाय. आठ वर्षांची घोडी, पण शनिवारी, शब्बाथला, सभास्थानात प्रार्थनेला जायचं म्हटलं की पोट दुखतं. पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलीय. परवा तिच्या कोटाचं अस्तर उसवलेलं दिसलं. हात घातला तर आत तेवीस लिमलेटच्या गोळ्या! सभास्थानात बारूखआजोबा मुलांना वाटतात त्याच. एकही उघडलेली नाही. प्रत्येकीच्या कागदावर, धर्माला चालते असा रब्बींचा शिक्का आहे, मी स्वतः पाहिला. बाईसाहेबांना तोही पुरत नसेल! सणाच्या तोंडावर खाऊ लपवला म्हणून दोन धपाटे घातले. रडलीसुद्धा नाही.

पत्र धाड, आळस करू नकोस.
तुझी ताई

हायफा, ५ एप्रिल

ती. ताईस ओर्नाचा शि.सा.न.वि.वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. ताई, आठ वर्षांची मुलगी तेवीस गोळ्या न खाता लपवते, ती धर्म पाळायला नाही. तिला जवळ घे, मी रागावणार नाही म्हण, आणि एकदाच विचार. सांगेल ते खरं मान. खोदून विचारू नकोस. ते काम शिकलेल्या बायका पोलिसांकडे असतात.

मला कसं कळलं म्हणशील. मीही आठ वर्षांचीच होते. दावीदमामानं काय केलं ते सांगायला स्वयंपाकघरात आईकडे गेले. कुणाबद्दल वाईट बोलणं पाप आहे म्हणत तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर आज पहिल्यांदा हे कुणाला सांगतेय.

तेहिलाला माझा पापा. भावजींना नमस्कार.
तुझीच ओर्ना

जेरुसलेम, ११ एप्रिल

चि. ओर्नास अ.आ.

विचारलं. गोळ्या द्यायला तो बारूख तिला सभास्थानातल्या पुस्तकांच्या खोलीत नेई आणि आतून कडी लावी. पुढचं तिनं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. मला लिहवत नाही. कुणाला सांगितलंस तर तुझी आई आंधळी होईल, असं त्यानं तिला बजावलं होतं. ती त्या खोलीतून आली की मी एकच विचारायचे, शिक्का पाहिलास ना?

हे रब्बींकडे गेले. ते म्हणाले, म्हातारा माणूस आहे, सण होऊ दे, मी समज देतो; आपला माणूस पोलिसांच्या हाती द्यायचा नसतो. ह्यांचंही तेच. बोभाटा झाला तर एफ्रातचं मोडेल म्हणतात. आणि शब्बाथला तो पुन्हा खिसे भरून तिथे बसेल. मी काय करू गं?

तुझी ताई

जेरुसलेम, १६ एप्रिल

चि. ओर्नास अ.आ.

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. गुरुवारी तेहिलाला घेऊन पोलिसांत गेले. शुक्रवारी त्याला नेलं. त्यानंतर आणखी दोन मुलांच्या आया पोलिसांत गेल्या. एफ्रातचं मोडलं. ती माझ्याशी बोलत नाही. सभास्थानात ह्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. घरी येऊन हे तेहिलाच्या उशाशी बसून राहिले.

चौकीतल्या बाईंनी तेहिलाला गोळी दिली. तिनं ती उलटी करून शिक्का पाहिला. मग माझ्याकडे बघून विचारलं, की ह्या बाईंकडून घेतली तर चालेल का. आठ वर्षांत हे विचारायला मी तिला शिकवलंच नव्हतं.

एक राहिलं. आईनं तुझ्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा मी दाराशी उभी होते, ओर्ना. सगळं ऐकलं होतं.

सणाला ये. लोभ असू दे, असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझी
फ्रेहा