चार स्क्रूचा दिवा

अहमदाबाद

ती. बाबांस सत्यशीलाचा मनापासून जयभीम.

मी मजेत आहे. मेसच्या वरणात गूळ असते, पण पोटभर जेवते. आईची मान आता कशी आहे?

हे फोनवर सांगता येत नाही. रूममेट गौरी माह्याच वर्गातली, बाजूच्याच पलंगावर असते.

कॉलेजात टेबलावरचा दिवा करायले सांगतला, आपले विचार दिसले पाह्यजे असा. मले आपलं ढाणकीचं दुरुस्तीचं दुकान आठवलं. गोंदानं बंद केलेलं मिक्सर आलं की तुमी म्हणता, "गरिबानं हे खोलावं तरी कसं?" म्हणून मी चार स्क्रूचा दिवा केला. कोणीबी खोलून दुरुस्त करावा.

सोमवारी स्क्रूवर नवे ओरखडे दिसले. गौरीले विचारलं तं म्हणे, "आतली वायर सैल होती, मी घट्ट केली." कोणी फुकटात दुसऱ्याचं काम करते का? माही डिझाइन चोरते, असंच वाटलं मले. चारही स्क्रूत पक्का गोंद भरून टाकला.

कालपासून दिवा लागतच नाही. आतली दुसरी वायर सुटली असंल. गौरी पेचकस घेऊन आली, म्हणे, "आण, बघते." मी दिवा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पंधरा दिवसांनी सर सगळ्यांसमोर मले तो खोलायले लावतील.

गोंद लावणाऱ्याले तुमी काय म्हणता, ते मले पाठ आहे. ते लिहू नका. फक्त खोलायचं कसं, ते कळवा. फोनवर नको, पत्रातच.

तुमची,
सत्यशीला