स्टीलला जात नसते

शनिवार, १० जानेवारी २०२६

सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून नक्की माहीत.

उद्योजकता प्रशिक्षण केंद्राच्या सभागृहात पुस्तिकेचं प्रकाशन. सौरऊर्जेवर धंदा कसा करावा, उदाहरणांसह. मुखपृष्ठावर हसरा सूर्य. डायरेक्टर टाय लावून. रत्नागिरीच्या दमट हवेत टाय लावणाऱ्या माणसावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही.

त्याने प्रकरण सात मोठ्याने वाचलं. ‘अपयशातून धडा.’ एक महिला उद्योजक, एक सोलर ड्रायर, त्यातच मासळी आणि त्यातच आंबापोळी. पोळीला वास, माल परत. “शिकवलेलं न पाळल्याचा परिणाम,” असं म्हणून थांबला. टाळ्यांसाठी असावा. नाव छापलेलं नाही. फोटो छापलाय. ड्रायरची निळी चौकट, मागे वाकडा माड. सभागृहातल्या निम्म्या लोकांना तो माड माहीत आहे. मीच टेम्पो करून सगळा वर्ग बघायला नेला होता.

रंजना मयेकर, त्या ड्रायरची मालकीण, तिसऱ्या रांगेत होती. बचत गटाच्या चार बायका सोबत आणल्या होत्या, नवी साडी नेसून. कौतुक होणार अशी तिची समजूत. चहाच्या आधी निघून गेली. चौघी थांबल्या.

मी पहिल्या रांगेत. मांडीवर शाल आणि नारळ. उठले नाही.

रविवार, ११ जाने.

पुस्तिका पेन्सिल घेऊन वाचली. ‘उद्योजक’ हा शब्द तीन प्रकारे लिहिलाय. ते सोडून दिलं असतं. पान दोनवर माझं नाव, ‘अभ्यासक्रम मार्गदर्शन, निवृत्त वाणिज्य विभागप्रमुख’, सगळं यथासांग. आणि प्रकरण सातमध्ये हे वाक्य: “तज्ज्ञ मार्गदर्शन उपलब्ध असूनही मालकिणीने स्वतःच्या मनाने निर्णय घेतला.”

तज्ज्ञ म्हणजे मी. निर्णयही माझा. तिचा नव्हे.

शाळेत काच फुटली की सिस्टर एवढंच म्हणायच्या, ज्याने केलं त्याने उभं राहायचं. शिक्षा नंतर, उभं राहणं आधी. सहावीत असताना मी पटकन उभी राहायचे. काल गुडघे दुखत होते असं स्वतःला सांगून पाहिलं. दुखत नव्हते.

र.ला तीनदा फोन. उचलला नाही.

मंगळवार, १३ जाने.

एकदा लिहूनच काढते, नाहीतर मीही डायरेक्टरसारखं सोयीचं तेवढं आठवेन.

२०२४चा नोव्हेंबर. शनिवारची बॅच. स्वच्छ तंत्रज्ञानातले धंदे. यंत्राचं शिकवायला इंजिनियर, धंद्याचं धोरण शिकवायला मी. एक मुलगा राजापूरचा, काजूच्या टरफलांच्या जळणविटा करणारा. एक जण लोट्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचा, पहिल्या तासाला झोपायचा, आणि तरी प्रश्न त्याचेच चांगले. आणि र. नवरा बोटीवर, घरी सासू, पिढ्यानपिढ्या वाळूत मासळी सुकवणारं घर. तिला वाळूतून सुटायचं होतं.

फळ्यावर माझं पहिलं वाक्य दर बॅचला तेच. ऊन फुकट आहे, यंत्र फुकट नाही. रिकामं यंत्र मालकाला खातं. वाक्य चांगलं आहे. अजूनही चांगलंच आहे, हीच पंचाईत.

र.च्या आराखड्यात दोन लहान ड्रायर होते. एक मासळीचा, एक आंब्याफणसाचा. विचारलं, दोन कशाला? म्हणाली, “बाई, आमच्याकडे मासळीची सुपं नि चटया वेगळ्या असतात. सासू त्यांच्यावर पापडसुद्धा घालू देत नाय.” मी म्हटलं, ते बांबूचं झालं. हे स्टील आहे, धुतलं की संपलं. एकच मोठा घे, बारा महिने चालव. स्टीलला जात नसते.

वर्ग हसला. र.ही हसली, आणि वाक्य वहीत उतरवून घेतलं.

ट्रे स्टीलचेच होते. पण दाराची रबरी पट्टी, तळाचा प्लायवूड, पंख्याचं तोंड, हे स्टीलचं नव्हतं. तीन महिने बोंबील आणि सुकट, मग एप्रिलमध्ये आंबापोळी. पुण्याच्या एका महिला मंडळाने उपासाला म्हणून मागवलेली. त्यांच्या ग्रुपवर एक ओळ आली: ‘उपासाच्या ताटात सुकट.’ पुढे काही लिहायची गरजच नव्हती. माल परत. र. पाकीट घेऊन माझ्याकडे आली. मी हुंगून म्हटलं, मला तर काही वास येत नाही.

रोज मासळी शिजणाऱ्या घरात पंचेचाळीस वर्षं काढलेलं नाक. त्याला काय विचारायचं.

बुधवार, १४ जाने. संक्रांत

गेल्या संक्रांतीला र. आली होती. तिळगूळ, आणि नव्या ड्रायरमधला पहिला जवळा. “बघा बाई, दाताखाली वाळूचा कण येनार नाय.” आला नाही. तो जवळा मी महिनाभर पुरवून खाल्ला.

आज बेल दोनदा वाजली. एकदा दूधवाला, एकदा शेजारची. डायरेक्टरचा मेसेज, गोड गोड बोला, सोबत हसरा सूर्य. तोच, मुखपृष्ठावरचा. काटकसरी माणूस. उत्तर दिलं नाही.

दुपारी उगाच आई आठवली. उगाच नव्हे. माहेरी मासळी उंबऱ्याबाहेर, सासरी रोज. लग्नानंतर आई मांडवीच्या या घरी यायची ती पिशवीत स्वतःचा पेला घेऊन. पाणी माझ्या माठातलं, पेला तिचा. शेवटच्या आजारापर्यंत. मी कधी चकार शब्द काढला नाही.

पेला स्टीलचाच होता.

म्हणजे ते वाक्य माझ्या तोंडात कित्येक वर्षं तयार होतं. आईला ऐकवायचं राहिलं ते वर्गात एका भलत्याच बाईला ऐकवलं. तिने त्यावर धंदा उभा केला. ती मला माल विकायचं विचारत होती आणि मी आईशी भांडत होते. ज्याला वास नको त्याचं मन चुकीचं असेलही. पण त्याचं मन सुधारणं हा र.चा धंदा नव्हता.

शुक्रवार, १६ जाने.

केंद्रात गेले. चाळीस मिनिटं बसवलं. मग आत.

“मॅडम, केस स्टडीला एक चूक आणि एक माणूस लागतो. तरच मुलांच्या लक्षात राहतं.”

“माणूस चुकीचा घेतलाय.”

“अहो, तुमचंच नाव जपलं.”

“मी जपायला दिलं नव्हतं.”

“आणि तिचं नाव कुठे छापलंय?”

“माड छापलाय.”

“कुठला माड?”

तिकडे कधी गेलेलाच नाही. इंजिनियरने पाठवलेला फोटो, माझ्या हजेरीपटाच्या मागे लिहिलेली दोन टिपणं, आणि बाकीचं याच खुर्चीत बसून लिहिलेलं. पुस्तिका छापून झाली, दोन फेब्रुवारीपासून नव्या बॅचला हीच शिकवणार, गावोगावच्या गटांनाही वाटणार. “तुम्ही सल्ला दिला होता असं लेखी काही असेल तर आणा. तोंडी काय, आपुलकीपोटी माणूस काहीही अंगावर घेतो.”

आपुलकीपोटी. माझी चूकही हा माणूस मला माझी म्हणू देईना.

सोमवार, १९ जाने.

रिक्षाने मिऱ्याला, र.च्या घरी. माड आहे तिथेच, थोडा अधिक वाकलाय. ड्रायर चालू होता, आत बोंबील. झकास वाळतात, सांगायला हवं.

ओटीवर सासू जाळं निवडत बसलेली. माझ्याकडे पाहिलं, आत पाहिलं. “रंजना, बाई आल्यात. चाय स्टीलच्या पेल्यातून दे गो. स्टीलला जात नसते.” चेहऱ्यावर रेघ हलली नाही. जन्मभर जिभेला धार लावत आले, पण म्हातारीने मला उभी कापली. चहा प्याले.

र. बाहेर आली. हात ओले. बसली नाही.

“बाई, तुमी सांगितलंत, मी केलं. त्याचा राग नाय. सासू नको म्हनत होती तरी मी केलं, तेही माझंच. आंबापोळी गेली, शिकले.” मग हात पदराला पुसत, “पन परवा तुमी पहिल्या रांगेत होतात.”

डायरेक्टरने लेखी मागितलंय, एवढं मी सांगितलं. ती आत गेली, प्लॅस्टिकच्या फाइलमधून एक कागद घेऊन आली. तिच्या आराखड्याचं तिसरं पान. तिच्या अक्षरात: ‘दोन लहान ड्रायर. एक मासळी, एक फळ.’ त्यावर माझी लाल रेघ. बाजूला माझ्या अक्षरात: ‘एकच मोठा घ्यावा. स्टीलला जात नसते.’ खाली सही, तारीख. वर्गात बोलून पोट भरलं नव्हतं, लिहूनही दिलं होतं.

“हे मे महिन्यातच का नाही दाखवलंस सगळ्यांना?”

“तुमचं नाव गेलं असतं.”

म्हणजे तिनेही माझं नाव जपलं. तिने जपलं आणि त्याने जपलं, यात जमीनअस्मानाचा फरक, आणि शेवटी दोन्हीचा भार तिच्याच डोक्यावर.

आता दुसरा ड्रायर घ्यायचाय, फक्त फळांचा. पहिल्यासारखाच कर्जासाठी गटाचा सामायिक अर्ज, प्रमुख म्हणून र.चं नाव. ३० तारखेला बैठक. त्या चौघींनी गटात पुस्तिका फिरवली. छापून आलंय ते खोटं कसं असेल, आपल्याला बुडवलेल्या बाईच्या नावाने अर्ज कशाला, दुसरी कोणी बघू. पहिल्या ड्रायरची किल्लीही मागितली आहे.

मी म्हटलं, बैठकीला मी येते, उभी राहून सांगते.

“तुमी नको. तुमी आता माझ्या बाजूनेच बोलनार, ते त्यांना ठाऊक हाय. बोलायचं त्या दिवशी होतं. केंद्राचा कागद येऊ दे. छापलेल्याला छापलेलंच लागतं.”

पान दिलं. “परत आणून द्या हां बाई. माझा आराखडा हाय तो.”

निघताना चपला घालत होते तेव्हा माफ कर म्हणायचं होतं. त्याऐवजी विचारलं, प्लायवूड बदललंस का? बदललं, म्हणाली.

गुरुवार, २२ जाने.

पत्राचा मसुदा. पहिला फाडला. तीन पानं निव्वळ त्याच्या टायवर आणि शुद्धलेखनावर. वाचायला मजा आली, म्हणूनच फाडला. दुसऱ्यात मी फार थोर दिसत होते. तोही गेला.

नवी बॅच मला शिकवायची आहे की नाही, ठाऊक नाही. बोलावतील असं वाटत नाही. बोलावलं तर फळ्यावर पहिलं वाक्य काय लिहायचं? सकाळपासून शोधते आहे. एवढंच सुचलं की धंदा काढणाऱ्याला ‘का’ विचारावं, आणि उत्तर मिळाल्यावर हसू नये. हे काही फळ्यावर लिहिण्यासारखं नाही.

शनिवार, २४ जाने.

लाल शाईच्या पानाची झेरॉक्स जोडून सकाळी दहाला पत्र दिलं. पोच म्हणून शिक्का घेतला. क्लार्क म्हणाला, “मॅडम, तक्रार कोणाविरुद्ध लिहू?” म्हटलं, दोघांविरुद्ध. एक तुमचे साहेब, एक मी. त्याने रजिस्टरमध्ये ‘इतर’ लिहिलं.

मूळ पान घेऊन तशीच मिऱ्याला गेले. र. बाजाराला गेलेली. सासूच्या हातात दिलं, सोबत पत्राची प्रत. म्हातारीला वाचता येत नाही. प्रत उलटसुलट करून म्हणाली, “ह्यात लाल शाई कुटं दिसत नाय.” नाही म्हटलं. या वेळी निळी.

पत्र इथे उतरवून ठेवते.

मा. संचालक यांस,

दि. १० जानेवारी रोजी सकाळी ११.४० वाजता आपण सभागृहात पुस्तिकेतील प्रकरण सात वाचलेत. त्यात एका उद्योजिकेने मार्गदर्शन न पाळल्याने तिचा माल परत आला, असे म्हटले आहे. हे असत्य आहे. तिने मार्गदर्शन पाळले, म्हणूनच माल परत आला. तिची मूळ योजना दोन स्वतंत्र ड्रायरची होती व ती बरोबर होती. ती मी खोडली. पुरावा सोबत जोडला आहे. अक्षर व सही माझी.

असत्य वाचले जात असताना मी समोर बसून होते व बोलले नाही. याबद्दल आपल्याकडे माझी तक्रार नाही. ती माझ्याकडे आहे.

माझी मागणी अशी. पुस्तिकेच्या प्रत्येक प्रतीत दुरुस्तीची छापील चिठ्ठी घालावी, व तीत चुकीच्या सल्ल्यापुढे माझे पूर्ण नाव असावे. २ फेब्रुवारीला नव्या बॅचसमोर ती चिठ्ठी आपण वाचावी. त्या वेळी मी सभागृहात उभी राहीन. खुर्ची ठेवू नये.

हे मान्य नसल्यास का नाही, ते केंद्राच्या कागदावर, शिक्क्यानिशी लिहून द्यावे. कारण काहीही लिहा, पण सोबतचे पान पाहिल्याचा उल्लेख त्यात असलाच पाहिजे.

गटाची बैठक शुक्रवारी, ३० तारखेला आहे. त्यानंतर आलेला कागद कोणाच्या उपयोगाचा नाही. सोमवारी सुट्टी आहे, हे मी हिशेबात धरले आहे. आपणही धरावे.

फोन करू नये. समजूत घालायला माणूस पाठवू नये. उत्तर लेखी हवे, आणि ते गुरुवार, दि. २९ जानेवारी, सायंकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे.