काचेवरचं धुकं

प्रिय हेवॉन,

फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडं आहे. हसायचं असेल तर आधी हसून घे, मग वाच.

या हिवाळ्यात मला समुद्राखाली धुकं दिसायला लागलं. वाटलं, बुडी मारायच्या चष्म्याची काच खराब झाली. आम्ही शिंपले काढणाऱ्या बायका बुडी मारायच्या आधी काचेवर नागदवण्याचा पाला चोळतो, म्हणजे वाफ धरत नाही, तुला ठाऊकच आहे. मी मूठमूठ पाला चोळला. काच बदलून आणली. धुकं तिथंच. एकदा तर शिंपला समजून खडकाचा टवका काढून वर आणला. शेकोटीपाशी माझ्याबरोबर बुडी मारणारी मालसून म्हणाली, "काय गं, घर बांधायला काढलंस की काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि हातातलं रताळं परत निखाऱ्यात ठेवलं.

मग त्याच मालसूनने मला ओढत शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने डोळ्यांत थेंब घालून आत बघितलं. "आजी, रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना?" म्हटलं, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, कशाला घेऊ? "दाब सांगून येत नाही, आजी. डोळ्यामागच्या पडद्यातल्या बारीक शिरा बिघडल्यात, रक्त झिरपलंय." म्हणजे मी काच घासत बसले आणि डाग माझ्या आत.

आता गोळ्या रोज, खारवलेला मासा बंद, आणि दाब उतरेपर्यंत समुद्रही बंद. म्हाताऱ्यांसाठी राखलेलं उथळ पाणीसुद्धा. मी धक्क्याच्या भिंतीवर बसते. मालसून वर येऊन श्वास सोडते, तेव्हा तोंडातून निघणारी तिची शीळ अजून तशीच फाटकी. लहानपणी तू याच भिंतीवर बसून माझी शीळ यायची वाट बघायचीस. वाट बघणं इतकं लांबलचक असतं, हे तेव्हा मला पाण्याखाली कुठून कळणार?

तूही दाब तपासून घे. हे आपल्या घराण्यात आहे.

काल तुझा फोटो उघडला. उजव्या डोळ्याला कोट दिसतो, मागचा पूल दिसतो, चेहऱ्याच्या जागी डाग. डाव्याला अजून बरं दिसतं. डॉक्टर म्हणतो, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, उरलेलं सांभाळू. या नववर्षाला ये. फोटो नको, तू ये. आणि रडत येऊ नकोस. सुजलेलं तोंड बघायला मी हा डोळा राखलेला नाही.

भिंतीवर बसलेली,
तुझीच आजी